बेटावर आम्ही दोघंच

यंदा नदीतल्या थाउजंड आयलंड्स बेटांवर आम्ही दोघांनीच जायचं, असं मी हिवाळ्यातच ठरवलं होतं. आणि मी ठरवते ते होतंच, हे आमच्या व्हिटबी गावात सगळ्यांना माहीत आहे! नदीकाठाने सायकली, मग कयाक नावाच्या अरुंद, वल्ह्याच्या होडीने एका बेटावर, आणि तिथे तंबू. आमची लेक चैत्राली वॉटर्लू युनिव्हर्सिटीत शिकायला गेल्यापासून आम्ही नवराबायको समोरासमोर बसून आपापल्या फोनशी बोलत होतो. बेटावर रेंज नाही, म्हणजे ईश्वरला माझ्याशी बोलावंच लागणार होतं. त्यासाठी मी हिवाळाभर पोहण्याच्या तलावात उलट्या कयाकमधून बाहेर पडायला शिकले. नाकात इतकं पाणी गेलं की मला अजून पोळीला क्लोरीनचा वास येतो.

निघायच्या आदल्या आठवड्यात ईश्वर कोथिंबीर आणायला गेला. दुकानाबाहेर त्याला आमच्या मंडळातले शरदचंद्र आणि त्यांची बायको शीलाताई भेटले. कुठे चाललात वगैरे झालं. अशा वेळी माणूस 'या ना तुम्हीपण' म्हणतो आणि समोरचा 'नको नको, तुम्ही जाऊन या' म्हणतो. वर्षानुवर्षं हे असंच सुरळीत चाललंय. पण ईश्वर तेवढ्यावर थांबला नाही. पंगतीत जिलबी वाढावी तसा त्याने आग्रह केला. शेवटी तर शरदचंद्रांचा हातच धरला. ते हो म्हणाले.

"अगं, म्हणायचं म्हणून म्हटलं मी," ईश्वर घरी येऊन म्हणाला. "ते सीरियसली घेतील असं कुठे वाटलं?"

"मग कॅन्सल कर."

"आता कसं कॅन्सल करणार? काय वाटेल त्यांना?"

मला काय वाटेल, हा प्रश्न त्या घरात कोणाला पडला नाही. मी कोथिंबीर मुळांसकट चिरली.

शीलाताईंनी प्रेशर कुकर आणला. बेटावर! कयाकच्या पोटात तो मावेना, म्हणून माझी झोपायची गादी बाहेर निघाली आणि गाडीतच राहिली. मी हसले. रागात मी फार गोड हसते. चैत्राली त्याला डेंजर स्माइल म्हणते.

तो पुढचा प्रकार होता. त्याआधी सायकली. शीलाताई कॉलेजनंतर सायकलवर बसल्याच नव्हत्या. समोरून कोणी आलं की त्या उतरून बाजूला उभ्या राहायच्या आणि त्याला गुड मॉर्निंग म्हणायच्या. त्यांना सोडून जाणं बरं दिसेना. पुरुष मात्र मॉर्गेजच्या, म्हणजे घरकर्जाच्या, व्याजदरांवर बोलत पुढे निघून गेले. मी ज्याच्याशी बोलायला आले होते, त्याची पाठ तेवढी मला दिसत होती. थोड्या वेळाने तीही दिसेना.

कयाक भाड्याने देणाऱ्या बाईने विचारलं, कयाकिंग कोणाला येतं? मला एकटीला. मग जिला पाण्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, तिने हिच्याबरोबर बसावं, असा त्या बाईने निकाल दिला. शीलाताई माझ्या दुहेरी कयाकमध्ये पुढे बसल्या. ईश्वरची जागा ती! वल्हं त्यांनी मांडीवर आडवं घट्ट धरून ठेवलं आणि डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. वल्हवत मी एकटी होते. मोटरबोटीच्या लाटेने कयाक हलली की रामरक्षा पहिल्यापासून सुरू व्हायची.

बेट अगदी हाताशी आलं, तेव्हा दुसऱ्या कयाकमधल्या ईश्वरला मॉर्गेजचा एक मुद्दा आठवला. तो शरदचंद्रांना समजावायला पूर्ण मागे वळला. दोघंही उलटले. पाणी गुडघाभरच होतं, पण आमचा तंबू त्यांच्याकडे होता. तो चिंब झाला. मग कोरड्या तंबूत बायका आणि ओल्या तंबूत पुरुष, असं शरदचंद्रांनी ठरवलं आणि ईश्वरने मान डोलावली.

बेटावरून निघायच्या दिवशी सकाळी मी त्याला किनाऱ्यावर गाठलं.

"मला फक्त तुझ्याशी बोलायचं होतं रे," मी म्हणाले. बोलताना मला रडू आलं, त्याचाही मला राग आला. "एवढंच हवं होतं."

तो माझ्या शेजारी खडकावर बसला. म्हणाला, "बोल ना."

तेवढ्यात शरदचंद्रांनी हाक मारली, "चला, चहा झाला!" आणि ईश्वर उठला. कारण त्यांना काय वाटेल!

परतल्यावर पार्किंग लॉटमध्ये शीलाताईंनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांगू का वनिता? राग मानू नकोस. हा वीकेंड आम्ही दोघांनीच घरी शांत बसायचं ठरवलं होतं. आणि मला तर पाणी बघूनच घेरी येते. पण ईश्वरभाऊजींनी इतकं इन्सिस्ट केलं, नाही म्हणणं बरं दिसेना गं."

माझ्या डोक्याची शीर ताडताड उडायला लागली. म्हणजे न्यायचं आम्हाला नव्हतं, यायचं त्यांना नव्हतं, आणि कोणाला वाईट वाटू नये म्हणून चौघं कुकर घेऊन बेटावर जाऊन आलो होतो! आता मात्र चांगलं खडसावायचं, म्हणून मी तोंड उघडलं.

"अहो, त्यात काय," मी म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा या ना."

शीलाताईंचा चेहरा पडला. तो कसाबसा सावरत त्या म्हणाल्या, "नको नको, तुम्ही दोघंच जाऊन या."

इथे थांबायचं होतं. बाकी काहीच करायचं नव्हतं. पण मी त्यांचा हात धरला.

"छे, असं कसं? यायलाच हवं!"

पुढच्या जुलैचं बुकिंग झालंय. या वेळी कुकर आमचा न्यायचा आहे.