प्रिंटरचं सासरचं नाव

हंबीररावांनी खरं तर फक्त एक वायर जोडून बघायचं ठरवलं होतं. चहा निवायच्या आत उठायचं, वायर जोडायची आणि परत येऊन चहा प्यायचा. त्या कपावर साय धरली, ती शेवटी मांजराने खाल्ली आणि हंबीरराव, दुकानाची एक खेप सोडली तर, पुढचे चार दिवस प्रिंटरच्या टेबलापासून हलले नाहीत.

त्याचं असं झालं. त्यांच्या लेकीने, तेजस्वीने, बंगळुरूहून वडिलांना नवाकोरा लॅपटॉप पाठवला. आता हंबीरराव म्हणजे साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. ज्या प्रिंटरवर त्यांनी सत्तावीस वर्षं कामगारांची हजेरी छापली, तो ‘दिग्विजय १३२’ कारखान्याने मोडीत काढला, तेव्हा साहेबांच्या हातापाया पडून त्यांनी तो घरी आणला होता. वजन तेलाच्या भरल्या डब्याएवढं, आवाज पिठाच्या गिरणीचा. फुलेवाडीच्या घरात पुढच्या खोलीतलं टेबल त्याने सहा वर्षं अडवून धरलं होतं आणि तेवढ्या काळात एक अक्षर छापलं नव्हतं.

त्या टेबलावर हंबीररावांच्या बायकोचा, संयोगिताबाईंचा, डोळा होता. त्या घरी ब्लाउज शिवायच्या आणि त्यांचं पिकोचं नवीन मशीन रविवारी येणार होतं.

"रविवारपातूर ह्यो चालला तर ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "न्हाय चालला तर भंगारवाल्याला फोन करतो मी." (कोल्हापुरात बायकाही ‘करतो, जातो’च म्हणतात. परगावच्या वाचकाने कोण पुरुष बोलला म्हणून मागे वळून बघू नये.)

"चालला म्हंजे? पळंल की!"

"पळू नको म्हणावं. मराठीत एक ओळ छापू दे, बास."

हंबीररावांनी पैज घेतली आणि लॅपटॉप उचलून चारी बाजूंनी पाहिला. प्रिंटरच्या वायरचं तोंड वीतभर रुंद. लॅपटॉपला तसं भोकच नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीला एक भोक पाडायचं का सुचू नये, हा प्रश्न त्यांना मनापासून पडला. (प्रश्न पडला की हंबीररावांना दुसरं काही सुचत नाही. गिझर पाणी कसं तापवतो हे बघायला त्यांनी तो एकदा डिसेंबरात उघडला होता. मार्चपर्यंत घरात सगळ्यांची प्रकृती काटक झाली.)

ते वायर घेऊन शाहूपुरीतल्या दुकानात गेले. दुकानदाराने वायर हातात घेतली आणि नंतर हंबीररावांकडे पाहिलं.

"पावणं, ह्ये मशीन अजून जित्तं हाय?"

"धडधाकट हाय. ही बघा, त्याची फ्लॉपीपण हाय माझ्याकडं."

दुकानदाराने मोबाईल काढून फ्लॉपीचा फोटो घेतला, स्टेटसला टाकला आणि मग एका टोकाला जुनं आणि दुसऱ्या टोकाला नवं तोंड असलेली एक केबल दिली. फ्लॉपी घालायला मात्र साऱ्या दुकानात कुठे जागा सापडली नाही.

घरी येऊन केबल जोडली. लॅपटॉपने ‘टुंग’ असा आवाज केला आणि इंग्रजीत कळवलं की, दारात कोणीतरी आलंय, पण ओळख पटत नाही. हंबीररावांनी तेजस्वीला फोन लावला.

"आप्पा, ती कंपनीच बंद पडलीया. नवीन विंडोजसाठी ह्याचा ड्रायव्हर कुणी लिहिलाच न्हाय."

"ड्रायव्हर म्हंजे?"

"मध्यस्थ समजा. ह्याचं बोलणं त्याला सांगणारा."

"मग लिहू दे की कुणीतरी! अर्ज कुणाच्या नावानं करू?"

तिकडे लेकीने बहुधा कपाळाला हात लावला असावा. मग ती म्हणाली, "असं करा. विंडोजमधी प्रिंटरची यादी असत्या. त्यातलं दुसरंच नाव द्या. लॅपटॉपला वाटंल, त्योच प्रिंटर हाय."

हंबीररावांनी फोन खाली ठेवला तो घाम पुसतच. सत्तावीस वर्षं त्यांनी काय केलं होतं? एकाचं कार्ड दुसऱ्याने पंच केलं की त्याला गेटवर धरायचं! आणि आता स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच प्रिंटरला, दुसऱ्याच्या नावाने हजेरीला उभं करायचं? छे! पण नाव दिलं तर काय होईल? लॅपटॉप फसेल का? फसला तर केव्हा कळेल त्याला? शुक्रवार आणि शनिवार ते यादीसमोर नुसते बसून होते. बोट बटणाकडे जायचं आणि टाइम ऑफिस आठवून परत यायचं.

रविवारी सकाळी संयोगिताबाईंनी टेबलाचं माप घ्यायला टेप काढली.

"अवो, अडलंय कुठं?"

"नाव खोटं द्याय लागतंय गं."

"त्यात काय खोटं? मी म्हायेरची मोना. तुमी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘संयोगिता’ लिवलासा. मग मी काय खोटी झालो व्हय? सासर बदललं की नाव बदलतंय. ह्येचं सासर आता ह्यो लॅपटॉप."

हंबीरराव चाट पडले. हा मुद्दा टाइम ऑफिसच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हता.

"मग कुठलं नाव देऊ?"

बाईंनी चष्मा लावून यादी पाहिली. "ह्ये द्या. जेनेरिक. माझ्या बीपीची गोळी जेनेरिकच हाय. स्वस्त असत्या, पण लागू पडत्या."

हंबीररावांनी डोळे मिटून ‘जेनेरिक’वर बोट दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग दिग्विजयने अंग झाडलं, डोकं डावीकडून उजवीकडे नेलं आणि कर्रर्र कर्रर्र करत इंग्रजीत चाचणीचं अख्खं पान छापलं. शेजारचे आण्णा गॅलरीत येऊन ओरडले, "गिरणी टाकलीसा काय वो?" हंबीररावांचे डोळे भरून आले. नवा जावई पहिल्यांदा पोटभर जेवल्यावर सासूला होतो तसा आनंद त्यांना झाला.

"इंग्रजी ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या. "पैज मराठीची हाय. लिवा : या घरात संयोगिता म्हणेल तसं चालतं."

हंबीररावांनी मुकाट्याने टाइप केलं. कर्रर्र! कागद बाहेर आला. त्यावर एका ओळीत नुसती प्रश्नचिन्हं होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका मापाची.

हंबीररावांनी ती मोजली. अक्षरांहून चिन्हं जास्त भरली. ती का भरावीत, याचा त्यांना लगेच नाद लागला. काना, मात्रा, वेलांटीचंही वेगळं चिन्ह पडतं की काय, असं ते बोटांवर मोजत असतानाच बाईंनी कागद ओढून घेतला.

"बराबर छापलंय की," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं ह्येच वाक्य मी सांगतोय आणि तुमच्या तोंडावर हेच उमटतंय."

पैज मात्र गेलीच. हंबीररावांनी निमूटपणे जुनी चादर आणली आणि दिग्विजयला गुंडाळायला घेतलं. त्यांना फार वाईट वाटत होतं. नोकरीतलं तेवढं एकच माणूस त्यांच्या घरी राहायला आलं होतं.

तेवढ्यात बयाबाई ब्लाउज हातात नाचवत आत आल्या. गल्लीतलं हे सगळ्यात तंडणारं गिऱ्हाईक.

"बाही आठ सांगितल्याली, तुमी सहाची केलीसा!"

"वहीत सहाच लिवलंय!"

"वही तुमची, लिवणार तुमी. मला काय म्हाईत?"

हंबीरराव चादरीला गाठ मारता मारता सहज बोलून गेले, "कारखान्यात असंच व्हायचं. कामगार म्हणायचा, मी आलतो. म्हणून दोन कागद, मधी कार्बन. एक त्याला, एक आम्हाला. भांडणच खलास."

संयोगिताबाईंचा हात थांबला. "ह्यो कार्बनवर छापतोय?"

"ठोकूनच छापतोय की. नवीन प्रिंटरला जमत न्हाय ते."

"आणि आकडे?"

"आकडे येतात. प्रश्नचिन्ह फक्त मराठीला."

बाईंनी मापाची वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "सोडा ती चादर."

टेबलावर पिकोचं मशीन बसलं. दिग्विजय दाराजवळच्या स्टुलावर गेला आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर हंबीरराव. गिऱ्हाइकाचं माप झालं की बाई आकडे सांगतात, हंबीरराव ते टाइप करतात, दिग्विजय ठोकतो आणि हंबीरराव कार्बनची प्रत फाडून गिऱ्हाइकाला देतात. पंधरा दिवसांत एकही भांडण झालं नाही. हंबीरराव खुशीत होते. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, बरोबर दहाला स्टुलावर हजर.

परवा गडमुडशिंगीहून एक नवीन बाई आल्या. माप दिलं, कागद घेतला आणि हंबीररावांकडे बघून हळूच विचारलं, "माणूस झकास मिळालाय की वो तुमाला. कुठनं आणला?"

संयोगिताबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"आणला कुठला? प्रिंटरसंगं आल्यात."