सुभेदारांच्या घरचा टाइम

पलूसच्या नाथाजी सुभेदारांची खात्रीच झाली होती, की सगळं जग मुद्दाम उशीर करतंय. दूधवाला उशिरा, पेपर उशिरा, आणि बुधवारपासून तर टीव्हीवाले सातच्या बातम्या चक्क आठला द्यायला लागले होते! त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त भिंतीवरच्या घड्याळावर नाही. ते फौजेतून आल्या दिवसापासून दहा मिनिटं पुढं होतं, आणि तेवढं त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं होतं. मोबाइलवर त्यांचा भरवसा नव्हता. जे यंत्र आपली वेळ आपणच लावून घेतं, त्याच्या पोटात काय आहे कुणी सांगावं?

ही धास्ती सगळी लेकीच्या, क्रांतीच्या परीक्षेपायी. गेल्या वर्षी पोर चार मिनिटं उशिरा पोचली आणि केंद्राचं गेट तिच्या तोंडावर बंद झालं. वर्षभराचा अभ्यास वाया गेला. सुभेदार त्या दिवशी जेवले नव्हते. यंदा रविवारी सांगलीत पेपर, आणि गेट साडेआठला बंद.

रविवारी त्यांनी मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्याशी जुळवलं, परीक्षेत चालत नाही म्हणून क्रांतीचा मोबाइल घरीच ठेवायला लावला, आणि बायकोला, शालूबाईंना घेऊन तिघं स्टँडवर आली. सहाची एसटी सातला हलली.

"काय वो, सहाची गाडी सातला?" सुभेदार कंडक्टरवर गुरकावले.

"आजोबा, सहाच वाजल्यात की!"

सुभेदार शालूबाईंच्या कानाशी लागले. "ह्यो बी त्यांच्यातलाच. नजर कशी चुकवतोय बघ."

शालूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. क्रांतीनं पुस्तकात तोंड घातलं. मायलेकी एवढ्या गप्प का, हा संशय मात्र त्यांना आला नाही.

सांगलीत केंद्रावर पोचले तर गेट बंद. चिटपाखरू नाही. मनगटावर आठ चाळीस!

"गेलं! पोरीचं आनि एक वर्स गेलं!" असं म्हणत सुभेदार गेट बडवायला लागले. वॉचमन केरबा तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आला.

"आवं, सात चाळीस झाल्यात. लय टाइम हाय अजून. बसा की गप!"

सुभेदारांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. मग सावकाश मागं वळले. "भिंतीवरच्या घड्याळाला हात कुनी लावला?"

"आप्पा, ते दहा मिनिटं पुढं हाय हे मला ठावं हाय," क्रांती चाचरत म्हणाली. "म्हणून मी दहा मिनिटं जास्त लोळते. म्हणून सोमवारी मीच आनि वीस मिनिटं पुढं केलं."

"आनि मंगळवारी मी अर्धा तास," शालूबाई हळूच म्हणाल्या. "तुमा बापलेकीचा काय भरवसा?"

सुभेदारांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात कोंबलं. राग आला होता, पण त्याहून जास्त हायसं वाटत होतं. कोपऱ्यावर अश्फाकच्या टपरीवर तिघं चहाला बसली. तिथून गेट दिसत नव्हतं. क्रांतीनं वही उघडली. बऱ्याच वेळानं तिनं टपरीतल्या घड्याळाकडं बघितलं.

"आप्पा, आठ दहा. जाऊ का?"

"थांब. टपरीवाला बी घड्याळ पुढंच ठिवत असनार. आठ दहा म्हंजी आठ! आता न्हाई फसायचो मी. पोहे खाऊन जा."

पोहे आले. आणखी एक चहा झाला. घड्याळात आठ अठरा झाले तेव्हा सुभेदार मोठ्या ऐटीत म्हणाले, "किती पुढं ठिवलंय रं अश्फाक?"

"पुढं? आवं चाचा, सेल उतरलाय. धा मिनिटं मागं पडलंय."

पोह्यांची बशी तिथंच राहिली. क्रांती सुसाट पळाली, मागून एका पायातली चप्पल हातात घेऊन सुभेदार. केरबा गेट ओढतच होता.

"थम!" सुभेदार परेडच्या आवाजात गरजले. केरबाचा हात जागच्या जागी थबकला, क्रांती फटीतून आत सटकली आणि गेट बंद झालं. सुभेदार गजांना धरून धापा टाकत राहिले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

पेपर चांगला गेला. घरी येताच सुभेदारांनी स्टुलावर चढून मोबाइल बघत घड्याळ बरोबर लावलं. "आजपास्नं ह्या घरात खरा टाइम चालनार! कुनी हात लावायचा न्हाई." दोघींनी माना डोलावल्या.

चहा पिता पिता त्यांच्या मनात आलं, पोर पास झाली तर पुढं मुलाखत आहे. दोघी स्वयंपाकघरात आहेत असं बघून ते हळूच स्टुलावर चढले, काटा दहा मिनिटं पुढं सरकवला आणि उतरले. मागं शालूबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागं क्रांती.

"झालं का तुमचं?" शालूबाई म्हणाल्या. "मग स्टूल तितंच ऱ्हाऊ द्या."