घाम न येण्याची प्रोसेस

कंपनीच्या बसमध्ये बसून बसून माझं पोट माझ्याआधी बसमधून उतरायला लागलं, तेव्हा मी सायकल घेतली. राहायला बावधन, कंपनी उरवड्याला. मी क्वालिटी विभागात आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट मला कागदावर आधी सोपी दिसते.

"आणि घामाचं काय?" मेधाने विचारलं. (मेधा माझी बायको. माझ्या योजनेतलं भोक तिला चहा गाळता गाळता दिसतं.) "तुमच्या कंपनीत आंघोळीची सोय नाही."

"घाम येणारच नाही. प्रोसेस आहे."

प्रोसेस अशी: सायकल हळू चालवायची. बॅग पाठीला न लावता कॅरिअरला बांधायची. कंपनीच्या अलीकडे दहा मिनिटं सावलीत थांबून ओल्या नॅपकिनने अंग पुसायचं, इस्त्रीचा शर्ट चढवायचा. आंघोळीची गरज शून्य.

"पोचल्यावर एकदा जरी आंघोळीची गरज पडली, तरी सायकल मनीषची," मेधा म्हणाली. मनीष तिचा भाऊ. त्याचा सायकलवर पहिल्या दिवसापासून डोळा होता. मला मात्र ती फार प्रिय होती. घरात फक्त माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू होती.

सोमवारी निघालो. इतका हळू, की भूगावात एक आजोबा चालता चालता माझी चौकशी करून पुढे निघून गेले. तरी पिरंगुटपर्यंत बनियन पिळण्यासारखं झालं. उरवड्याच्या अलीकडे करंजाच्या झाडाखाली थांबून काखा पुसत होतो, तर समोरच्या घरातली बाई जवळ आली. राजाबाई तिचं नाव. तिचा नवरा म्हसू मेंढरं सोडत होता.

"साहेब, घरी पानी न्हाई व्हय?"

"आहे की मावशी. हे आपलं असंच."

"गाव कुटलं तुमचं?"

"लातूर."

राजाबाईने म्हसूकडे पाहिलं. "तरीच," म्हसू म्हणाला. "तिकडं आगीनगाडीनं पानी आनलं हुतं म्हनं."

"अहो, पण मी आता बावधनला राहतो!"

"मग तितं बी टँकरच येतोय न्हवं?"

मी नॅपकिन पिळायला घेतला. येतो टँकर.

मंगळवारी करंजाखाली थांबलो, तर चुलीवर पाणी तापलेलं आणि न्हाणीत दगडावर साबण ठेवलेला. मी नको नको म्हणालो. "लाजू नगा, पान्याला काय तोटा हाय हितं," असं म्हणून राजाबाईने बादली माझ्या हातात दिली. कढत पाण्याने पाठ शेकून निघाली आणि माझा विरोध मावळला. नंतर रोजच. वाटेतली आंघोळ 'पोचल्यावर'मध्ये मोडत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. (आमच्या विभागात याला अर्थ लावणे म्हणतात.)

कंपनीत मी कोरडा ठणठणीत, वर ताजातवाना. लोक थक्क झाले. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना प्रोसेस समजावून सांगू लागलो, एकदा तर फळ्यावर आकृती काढून.

दोन आठवड्यांनी ग्राहक कंपनीचं ऑडिट आलं, दोन दिवसांचं. आमचे मॅनेजर शैलेश सरांनी चहा घेताना ऑडिटर अनुष्का मॅडमना अभिमानाने सांगितलं, "आमचा एकनाथ बावधनहून सायकलने येतो. घामाचा थेंब नाही!"

"इंटरेस्टिंग," मॅडम म्हणाल्या. "मी भूगावलाच राहते. उद्या मीही सायकलवर सोबत येते. प्रोसेस प्रत्यक्ष बघायला आवडेल."

ऑडिटरला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी करंजाचं झाड दिसताच मी आयुष्यात पहिल्यांदा सायकल जोरात हाणली. राजाबाई बादली घेऊन रस्त्यात उभी.

"साहेब, पानी निवतंय!" मग तिची नजर मॅडमवर गेली. "ही मालकीन व्हय? अगं बाई, शिकलेली दिसतीस, नवऱ्याला सकाळी आंघूळ घालून धाडावं की! दोन आठवडं झालं, मानूस हितं न्हातोय."

"रोज?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"रोज. रयवार सोडून."

मॅडमनी हँडलवरच वही टेकवून लिहून घेतलं.

ऑडिटमध्ये कारखाना पास झाला. त्रुटी एकच निघाली: 'प्रत्यक्ष प्रोसेस सांगितलेल्या प्रोसेसशी जुळत नाही. बाहेरून काम करून घेतले जाते. पुरवठादार (राजाबाई) मंजूर यादीत नाही.' त्रुटीचा फॉर्म शैलेश सरांनी स्वतः भरला. 'मूळ कारण' या रकान्यात त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं.

त्या फॉर्मचा मेल मला आला, तो मेधाने माझ्या खांद्यावरून वाचला.

"म्हणजे गरज पडत होती."

"पोचल्यावर नाही! पोचण्याआधी!"

तिने फोन उचलून मनीषला लावला.

मनीष रविवारी गाडी घेऊन आला. आमची लिफ्ट नेमकी बंद. मग मीच सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले उतरलो आणि त्याच्या डिकीत नीट बसवून दिली. वाईट वाटत होतं. घामाने चेहरा निथळत होता, म्हणून निदान डोळ्यांतलं पाणी कोणाला कळलं नाही.

मनीषने गाडीची काच खाली केली.

"दाजी, ती घाम न येण्याची प्रोसेस तेवढी व्हॉट्सॲप करा."