जरबेऱ्याला भेटायला आलेली माणसं

शेतकी कॉलेजात मला माती शिकवली, कीड शिकवली, पाण्याचा ताण कसा द्यायचा तेही शिकवलं. पण झाडाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा नसतो, हे कुणीच शिकवलं नाही. तेवढं शिकवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आमचं गाव वडूजच्या पलीकडं. तिथं ओढ्याकाठच्या खोलगट रानात आमचं पॉलिहाऊस, आणि आत माझा जरबेरा. (माझा म्हणजे कागदोपत्री माझ्या वडलांचा, अण्णांचा. पण कागदांना पाणी कोण घालतं?) आमच्याकडं बर्फ बघायचा तर गोळ्याच्या गाडीवर. त्यामुळं जानेवारीतल्या त्या सकाळी बांधावरचं गवत पांढरंफटक दिसलं, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी युरियाचं पोतं सांडलं. वाकून हात लावला. बोटाला चटका बसला. म्हशीच्या बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरलेला.

मी पॉलिहाऊसकडं पळत सुटले.

आत भयाण शांतता होती. जरबेऱ्याची पानं काळपट हिरवी, काचेसारखी चकाकत होती. एका पानाला बोट लावलं तर ते कुर्रकन वाजलं. फुलांनी माना टाकलेल्या. सगळे वाफे एका सुरात म्हणत होते, 'बाई, उशीर केलास.'

आता भीती कशाची होती ते सांगते. आमचे अण्णा, म्हणजे लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांनी पॉलिहाऊस मला चालवायला दिलं ते अटीवर. "पाडव्यापत्तुर तुजं. जमलं तर कायमचं तुजं. न्हाई जमलं तर वरचा प्लास्टिकचा कागद काढायचा, पत्रा टाकायचा, आन् आत म्हशी." अण्णांना फुलांत रस नाही. त्यांना मुऱ्हा म्हशींत रस आहे. पॉलिहाऊसच्या लोखंडी पाइपांकडं ते ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं त्यांनी आईकडं कधी बघितलेलं मला आठवत नाही.

तेवढ्यात आई मागून आली. तिनं आत डोकावलं आणि म्हणाली, "आगं बया! थांब, बंबातलं कढत पाणी आणते."

"कढत पाणी?"

"गारठल्यात न्हवं का?"

मी दारात आडवे हात करून उभी राहिले. गारठलेलं झाड एकदम तापवलं की मरतं. त्याला सावकाश वितळू द्यायचं. म्हणून ऊन यायच्या आत मी धडपडत वाफ्यांवर शेडनेट ओढलं. पुढचे नियमही मला पाठ होते. काळी पानं लगेच कापायची नाहीत, कारण तीच खालच्या गड्ड्याची गोधडी असतात. गड्डा म्हणजे झाडाचा जीव, नवा कोंब तिथूनच येतो. त्यावर पाणी पडू द्यायचं नाही, खत द्यायचं नाही. थोडक्यात, काहीही करायचं नाही. वाट बघायची.

आणि मी, एवढं सगळं माहीत असलेली मी, वाट बघता बघता फोन काढला. पानांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'रात्रीच्या थंडीनं सगळं गेलं.' सोबत एक रडका चेहरा.

दुपारच्या आत उंब्रजहून शालूआत्या हजर. ही अण्णांची थोरली बहीण. तिच्या डोक्यावर पाटी आणि पाटीत पिठलं-भाकरी. आमच्याकडं कुणाच्या घरात माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, भावकीतून पिठलं-भाकरी येते.

"आत्या, हे काय?"

"तुमच्यात आज चूल पेटली नसंल म्हनून आणलं." आत्यानं पदर डोळ्याला लावला. "फोटू बघितला आन् काळजात चर्र झालं बघ. लय गोड फुलं हुती गं."

"आत्या, फुलं मेली नाहीत. झाडं जिवंत आहेत."

"व्हय बाळा," आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "सुरवातीला सगळ्यांना तसंच वाटतं."

अण्णा मात्र पिठलं-भाकरीवर तुटून पडले. (चूल पेटलेली होती. वांग्याचं कालवण झालेलं होतं. ते त्यांनी नंतर खाल्लं.)

मग रांग लागली. आमच्या भागात दवाखान्यातल्या माणसाला भेटायला जायचं राहिलं तर पुढच्या पिढ्या बोलत नाहीत, तेव्हा जरबेरा तरी कसा सुटणार? जीपगाड्या यायला लागल्या. कुणी शहाळं आणलं, कुणी बिस्किटाचे पुडे. एकेक जण आत जायचा, वाफ्यापाशी उकिडवा बसायचा, च्च च्च करायचा, आणि जाताना 'ओल हाय का बघतो' म्हणून एक पान मोडायचा. दहशत म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक मोडलेल्या पानाबरोबर मला कानात म्हैस हंबरलेली ऐकू यायची.

संध्याकाळी मी पत्र्यावर रंगानं पाटी लिहून दाराला टांगली: 'झाडांना हात लावू नये. आत डोकावू नये. काहीही करू नये. हुकमावरून, शिवांजली.'

अण्णांनी पाटी वाचली. "हुकूम? तुजी रँक काय?"

"अण्णा, प्लीज. तुम्ही दारावर बसा. कुणाला आत सोडू नका."

फौजी माणसाला पहारा सांगितला की तो नाही म्हणत नाही. अण्णा खुर्ची टाकून बसले. मला जरा हायसं वाटलं. तासाभरानं मी चहा घेऊन गेले, तर अण्णा आत होते. हातात मोजायचा टेप. टेपचं एक टोक पाइपाला अडकवलेलं.

"अण्णा, हे काय चाललंय?"

"कुटं काय? पहारा." टेप सर्रकन आत गेला. "शिवे, ह्या अंगाला गव्हाण केली तर पान्याचं तोंड तिकडं घ्यावं लागंल न्हवं?"

ज्याच्यापासून राखायचं त्यालाच मी राखणीला बसवलं होतं.

खरा घाला पुढं होता. भाऊसोमामा, आईचा भाऊ, तासगावचा. मामाची द्राक्षबाग. मामा लग्नाला जातानाही खिशात छाटणीची कात्री घेऊन जातो, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तो दुसऱ्या दिवशी आला तेव्हा नेमकी मी बुरशीचं औषध आणायला वडूजला गेले होते. परत आले, गाडी लावली, आणि पॉलिहाऊसमधून आवाज ऐकला.

कच. कच. कच.

मी आत शिरले. मामा वाफ्यात वाकलेला, मागं मुक्कामाला राहिलेली आत्या पाटी धरून उभी, आणि पाटीत माझी काळी पानं. एक अख्खा वाफा न्हाव्यानं भादरल्यासारखा मोकळा.

"मामा!"

"आलीस व्हय?" मामा कंबर सरळ करत हसला. "तुजं काम हलकं करून टाकलं. ह्यो वाफा झाला, आता त्यो धरतो."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? आमच्या तासगावात कात्री लागल्याबिगर काय फुटतच न्हाई. काडी छाटली की डोळा फुटतो, कोंब येतो."

"मामा, ही द्राक्षाची वेल नाही! हिला डोळे नाहीत!"

"मग बघती कशी गं?" आत्यानं काळजीनं विचारलं.

मी मामाच्या हातातली कात्री हिसकावून घेतली. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी ओरडत होते. "तुम्हा मोठ्या माणसांना एकच रोग आहे. गप्प बसता येत नाही! आई कढत पाणी ओतते, आत्या पिठलं आणते, अण्णा टेप लावतात, तुम्ही कात्री चालवता. अहो, झाडाला एकटं सोडा! काही न करणं हेसुद्धा काम असतं!"

आत्या हळूच म्हणाली, "पाव्हणं, चला. पोरगी दुक्कात हाय."

त्यानंतर खरोखरच कुणी आत गेलं नाही. अण्णासुद्धा टेप खिशात ठेवून दाराबाहेर बसले. आणि मग सुरू झालं ते वाट बघणं. ते भेटीला आलेल्या माणसांपेक्षा वाईट होतं. रोज सकाळी मी पडदे उघडायची, सावलीचं नेट सरकवायची, ठिबक जेमतेम सोडायची. पानं काळीची तपकिरी झाली, तपकिरीची वाळली. कोंब नाही. अण्णा रोज विचारायचे, "काय रिपोर्ट?" मी म्हणायची, "पेशंट स्टेबल आहे." ते मान हलवायचे आणि गोठ्याच्या पत्र्याचा भाव विचारायला कुणालातरी फोन लावायचे. स्पीकरवर. मुद्दाम.

मला झोपेत म्हशी दिसायच्या. त्यांच्या तोंडात गुलाबी फुलं असायची.

आणि एक दिवस दिसला! मधल्या वाफ्यात, वाळक्या पानांच्या गोधडीतून, नखाएवढा पोपटी कोंब. शेजारी दुसरा. पुढच्या वाफ्यात तर ओळच्या ओळ. मी अशी किंचाळले की अण्णा टेपसकट आत धावत आले. मागोमाग आई. मी ग्रुपवर फोटो टाकला (हो, पुन्हा), आणि सगळे पुन्हा आले. ह्या खेपेला आत्यानं शिरा आणला. मामानं भादरलेल्या वाफ्यातसुद्धा अधूनमधून एकेक केविलवाणं पान वर आलं होतं. मामा म्हणाला, "कात्रीचा गुण." मी म्हणाले, "कात्रीची भीती."

मी छाती पुढं काढून सगळ्यांना वाफ्यावाफ्यातून फिरवत होते. "बघा. काही केलं नाही म्हणून वाचली. शास्त्र आहे हे."

"आन् ह्यो?" अण्णा दाराजवळच्या पहिल्या वाफ्यापाशी थांबले होते.

त्या वाफ्यात एकही कोंब नव्हता. अण्णा उकिडवे बसले. त्यांनी वाळकं पान बाजूला केलं. गड्डा काळा, कुजलेला, आणि त्याच्याशेजारी मातीत एक गोल भोक. दुसऱ्या झाडाशीही भोक. तिसऱ्याशीही.

"हे कुनी केलं?"

"मी कशाला करू?" आत्या म्हणाली. "मी तर पायरीसुदिक चढले न्हाई."

"माजी कात्री हिनंच काढून घेतलीया," मामा म्हणाला.

अण्णांनी आपलं बोट त्या भोकात घालून बघितलं. जाड होतं, जाईना. मग त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. माझ्या उजव्या हाताच्या नखात माती होती. रोजची.

"मी फक्त बघत होते," मी म्हणाले. "कोंब निघतोय का ते. जरा जरा. उकरून."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

आत्यानं शिऱ्याची वाटी माझ्या हातात दिली आणि पाठीवरून हात फिरवला, तस्साच. अण्णांनी खिशातून टेप काढला, पहिल्या वाफ्याला लावला, आणि समाधानानं म्हणाले, "एक रेडकू आरामात बसतंय."

पॉलिहाऊस माझंच राहिलं. पाडव्याला फुलंही निघाली. पहिल्या वाफ्याच्या जागी मात्र एक रेडकू बांधलेलं असतं आणि मान लांब करून रोज एखादं पान चघळतं. माझी पाटी अण्णांनी आता दाराच्या आतल्या बाजूनं टांगलीय. रेडकाला अडवत का नाही विचारलं तर म्हणतात, "त्येला वाचता येत न्हाई. पाटी वाचता येनाऱ्यासाटी हाय."