सुदामभाऊंची लाल रेघ

सुदामभाऊंच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली, की ते गाडीवाल्याकडे पाहतसुद्धा नाहीत. आधी बॉनेट उघडतात, आत नाक खुपसतात, डोळे मिटून एक लांब श्वास ओढतात आणि मगच विचारतात, "बोल, काहून आला?" वास आला असेल तर तेवढंही विचारत नाहीत. "डिझेल गळून राह्यलं न् तू त्याच गाडीत हिंडतं?" इथून जी सुरुवात होते ती तुमच्या खानदानापर्यंत जाते. मी स्वतः तीन पिढ्यांचं ऐकून घेतलेलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मेहुणीच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेव सजवलेल्या जीपमध्ये बसलेला, बँडवाले वाजवायच्या तयारीत. सुदामभाऊ डोक्याला फेटा बांधून पाहुणे म्हणून आलेले. त्यांनी झेंडूच्या माळा बाजूला सारल्या आणि बॉनेट उघडलं. भटजी घड्याळ दाखवत होते, नि हे आत टॉर्च मारून म्हणाले, "नवरदेवाले खाली उतरवा. ह्या गाडीत म्या बकरीबी नसती बसवली." नवरदेव मांडवापर्यंत पायी गेला. जीपचं डिझेल गळत होतं आणि फटाक्यांची लड तिच्या चाकाजवळच मांडलेली होती, हे मी कबूल केलं पाहिजे. पण मेहुणी अजून माझ्याशी धड बोलत नाही, कारण सुदामभाऊंना आमंत्रण मी दिलं होतं.

कामरगावच्या बस स्टँडपासून थोडं पुढे त्यांचं टिनाचं गॅरेज आहे. दुसऱ्या दुकानांच्या पाटीवर काय मिळतं ते लिहिलेलं असतं. यांच्या पाटीवर लिहिलं आहे, "रबरी पाइप लावून मिळणार नाही. वाद घालू नये." रबरी पाइप आणि त्यावर आवळायची क्लिप, ही जोडी त्यांची जन्माची वैरी. टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेल न्यायचं तर ते स्टीलच्या जाळीच्या पाइपातूनच, आणि त्या पाइपाची टोकंही त्यांनी स्वतः बसवलेलीच पाहिजेत.

ते टोक बसवणं म्हणजे एक सोहळा असतो. दहा मिनिटांचं काम आहे असं आपल्याला वाटतं. आधी जिथे कापायचं तिथे चिकटपट्टीचे तीन वेढे, नाहीतर जाळीच्या तारा मोकळ्या होऊन केसांसारख्या पिंजारतात. मग बारीक दातांची आरी, तीही हळू. तरी एखादी तार बोटात घुसतेच. घुसली की भाऊ बोट तोंडात धरतात आणि समाधानानं म्हणतात, "जाळीनं रक्त घेतलं. आता पाइप पक्का." मग पाइप पिळत पिळत टोकाच्या धातूच्या टोपीत बसवायचा, तिच्या आत शिरणाऱ्या आट्यांच्या नळीला, म्हणजे निपलला, दोन थेंब तेल लावायचं आणि पान्यानं फिरवत न्यायचं. शेवटी शेजारच्या पंक्चरवाल्याकडची हवा भरून पाइप बादलीत बुडवायचा आणि बुडबुडा येतो का पाहत बसायचं. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं, चहा येऊन थंड झाला तरी हे बादलीतच पाहत होते. मी म्हणालो, "भाऊ, बुडबुडा यायचा असता तर आला असता." ते म्हणाले, "तुले घाई आहे, बुडबुड्याले नाई."

पण माझा खरा राग आहे तो नेलपॉलिशवर. निपल फिरवायच्या आधी, टोपी जिथे संपते तिथे पाइपभोवती भाऊ लाल नेलपॉलिशनं एक रेघ मारतात. पाइप आतून मागे सरकला तर रेघ आणि टोपी यांच्यात फट दिसते, म्हणून. बांगड्यांच्या दुकानात जाऊन, बायकांच्या घोळक्यात उभे राहून, बाटली उजेडात धरून हा गडी रंग पारखतो. गुलाबी चालत नाही. वहिनी गावात असत्या तर त्यांनी आणून दिली असती, पण त्या दोन वर्षांपासून पुण्याला आहेत, मुलाकडे, नातीला सांभाळायला. सुदामभाऊ इथे एकटेच भाकरी थापतात. भाकरीसुद्धा टोपीच्या मापाची गोल लागते म्हणे.

बरं, रेघ मारली की सुटलो असंही नाही. "गुरुवारी ये. निशाण पाहाले." हे त्यांचं पालुपद. पहिल्या गुरुवारी ठीक आहे, इंजिनाच्या गरमीत पाइप हलू शकतो. पण दुसऱ्या गुरुवारी काय? पाचव्या गुरुवारी काय? कोणाचीही रेघ कधी केसभर सरकलेली नाही, तरी आसेगावचा एक ट्रॅक्टरवाला वर्षभर येत होता. न येणाऱ्याला फोन जातो. पैसे घेत नाहीत, उलट चहा पाजतात, नि तासभर बसवून ठेवतात. कामाच्या माणसाचा तास असा वाया घालवायचा अधिकार यांना कोणी दिला, हे मी चारचौघांत अनेकदा विचारलं आहे.

आता माझ्या जीपचं सांगतो. माझा नाल्याकाठी मळा आहे, आणि भाजी कारंज्याला न्यायला ही जुनी जीप आहे. मागची सीट काढून मी तिचं भाजीचं गाडं केलेलं. दिवाळीच्या चार दिवस आधी तिचा पाइप फुटला. मेथी उपटून, जुड्या बांधून तयार. मी भाऊंकडे गेलो. त्यांनी वास घेतला, माझ्या आजोबांपासून सुरुवात केली आणि शेवटी म्हणाले, "जाळीचा पाइप संपला. अकोल्याहून आता दिवाळीनंतरच येईन."

त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, भिंतीवरच्या खिळ्याला एक जाळीचा पाइप लटकत होता. चकचकीत, दोन्ही टोकं बसवलेला, तोंडांना कागद बांधलेला. जवळच सुताची एक गाठी मारलेली दोरी.

"हा काय आहे मंग?" मी विचारलं.

"तो नीलेशच्या गाडीचा आहे."

नीलेश त्यांचा मुलगा. मागच्या दिवाळीला डिझेलची गाडी घेऊन आला होता, तेव्हा तिला कंपनीचा रबरी पाइप पाहून भाऊंची झोप उडाली. नीलेश निघता निघता त्यांनी सुतानं माप घेतलं, तो गेल्यावर पाइप बनवला आणि वर्षभर तो खिळ्याला टांगून ठेवला. दर आठ दिवसांनी पुसतात. पुण्याला कोणी जाणार असला तरी त्याच्याबरोबर पाठवत नाहीत, स्वतःच्याच हातानं बसवायचा आहे.

मी म्हणालो, "भाऊ, नीलेश चार दिवसांनी येईन. माही मेथी आज सडन. हा मले द्या, त्याच्यासाठी दुसरा करा."

"कायले? त्याच्या गाडीत माही नात बसते."

"न् माह्या गाडीत मी बसतो, ते काही नाई?"

"तू पोहता येणारा माणूस आहे," ते म्हणाले. याचा गाडीशी काय संबंध, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी चिडून निघालो, दुसरीकडे जाऊन अर्ध्या तासात रबरी पाइप आणि दोन क्लिपा लावून घेतल्या आणि कारंज्याचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेत क्लिप ढिली झाली. डिझेल उडालं ते इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून थेट पहिल्या दोन पोत्यांवर. व्यापाऱ्यानं जुडी नाकाला लावली आणि म्हणाला, "काका, ही भाजी खायची का ट्रॅक्टरमंधी टाकायची?" सगळा माल परत आला. बैलांनीही तोंड लावलं नाही. दिवाळीच्या तोंडावर मी त्या खिळ्याच्या पाइपाला इतक्या शिव्या घातल्या की घरच्यांनी कानावर हात ठेवले.

नीलेश लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आला. मी मुद्दाम गॅरेजात जाऊन बसलो होतो. म्हटलं, ज्या पाइपासाठी माझी मेथी गेली तो बसताना तरी पाहू. भाऊ आंघोळ करून, नवा शर्ट घालून, वरून जुना मळका शर्ट चढवून तयार. पाने ओळीनं मांडलेले. बादली भरलेली. नेलपॉलिशची बाटली नवी, सील न फोडलेली.

गाडी आली ती आवाजच न करता. पांढरी, नवीकोरी. वहिनी उतरल्या, नात उतरली, भाऊंच्या पायाला मिठी मारून मोकळी झाली. भाऊंनी एका हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं आणि दुसऱ्या हातानं बॉनेट वर केलं. नाक आत घातलं. डोळे मिटले. पुन्हा एकदा लांब श्वास ओढला.

नीलेश हळूच म्हणाला, "बाबा, ही बॅटरीवर चालते. यात डिझेल नसते."

"न् ते जुनी?"

"विकली ना. फागुनातच. तुमाले सांगाचं राह्यलं."

मी भाऊंकडे पाहिलं. आता मेहुणीच्या मुलाच्या वरातीसारखं काहीतरी होणार, अशी मी वाट पाहत होतो. ते झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बॉनेट अलगद बंद केलं, आपल्या बोटाचा डाग पडला तो बाहीनं पुसला आणि म्हणाले, "बरं केलं. डिझेल गळाची भानगडच नाई. नात सुखानं बसन." आणि मळका शर्ट काढून खिळ्याला अडकवला, त्या पाइपावरच. मला नीलेशचा असा संताप आला की सांगता सोय नाही. तसा पोरगा वाईट नाही. आईबापाला फोन करतो, औषधं पाठवतो. पण फागुनापासून दिवाळीपर्यंत एक वाक्य बोलायला माणसाला किती वेळ लागतो?

भाऊबीज झाली, गाडी आवाज न करता निघून गेली. दुसऱ्या दिवशी भाऊंचा मला फोन, "जीप आन."

गेलो तेव्हा तो पाइप पक्कडीत धरलेला होता. माझ्या जीपला तो वीतभर लांब पडत होता. मी म्हणालो, "भाऊ, राहू द्या. अकोल्याहून येईन ना आता." मी हे खरंच मनापासून म्हणालो. ज्या पाइपाला मी शिव्या घातल्या तो कापताना मला पाहवेना. त्यांनी जीपचं माप घेतलं. चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, आरी चालवली. वीतभर तुकडा खाली पडला. बोटात तार घुसली, पण या वेळी जाळीनं रक्त घेतलं वगैरे काही म्हणाले नाहीत, बोट तसंच पँटला पुसलं. माझ्या जीपच्या मापाच्या टोप्या बसवल्या, ती नवी बाटली फोडून रेघ मारली, आणि मग निपल फिरवून बादलीत पाहिलं. अशी सरळ रेघ मी जन्मात पाहिली नाही.

पाइप बसवून झाल्यावर मी पैसे विचारले. ते म्हणाले, "पैशाचं राहू दे. गुरुवारी ये. निशाण पाहाले."

"येतो," मी म्हणालो.

"येशीन ना?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी आजवर कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून आठ गुरुवार झाले. मळ्यात काम पडून असतं, तरी जातो. चहा होतो, माझ्या आजोबांचा उद्धार होतो, रेघ जागच्या जागी असते. मागच्या गुरुवारी मात्र ते टॉर्च विझवून म्हणाले, "आता नाई सरकत हे. आता तू नाई आला तरी चालते, दादाराव. तुह्या कामाचा खोळंबा होते." आणि पान्यांवरून फडकं फिरवत बसले.

आज गुरुवार आहे. सकाळी मी बॉनेट उघडलं, अंगठ्याच्या नखानं ती लाल रेघ एका बाजूनं चांगली बोटभर खरवडली आणि जीप गॅरेजकडे काढली. रेघ पुन्हा मारायची म्हणजे अख्खा पाइप उघडावा लागेल, पुन्हा बादली, पुन्हा निदान चार गुरुवार. कोणत्या गाढवानं हे केलं म्हणून ते मला सोलून काढतील. काढू देत.