झेब्रा क्रॉसिंगवरचं तोरखम

"वर्षा, ट्रक हलले!"

रविवारची सकाळ. मी ड्रेसिंग गाऊनमध्ये, केस पिंजारलेले, आणि दारात डॉक्टर खैरनारकाका. डोक्याला माकडटोपी, पायात घरातल्या स्लिपर, हातात फोन. बेल अशी दाबून धरली होती की मला वाटलं कुणाच्या घराला आगच लागली.

"कुठले ट्रक, काका?"

"कुठले म्हणजे? तोरखमचे! पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवर अडकलेले! पहिले थोडे सुटले म्हणतात. परिस्थिती नाजूक आहे, पण आशादायक!"

हे शेवटचं वाक्य काकांचं पेटंट. मी कौन्सिलात नोकरी करते. लोक माझ्या दारात कचऱ्याची बिन उचलली नाही म्हणून भांडायला येतात, ते मी समजू शकते. पण वॉटफर्डमधल्या आमच्या रस्त्यावर अफगाणी डाळिंबांच्या काळजीने झोप उडालेला हा एकच माणूस, आणि तोही आपला मालेगावचा!

काका इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. "जन्मभर लोकांना झोपवलं, आता कुणाला झोपू देत नाहीत," असं सुलभाकाकी म्हणायच्या. काकी गेल्या आणि काकांना टोकणारं घरात कुणी उरलं नाही. मग काय, मोकाट! पाकिस्तान-अफगाणिस्तानचा आयात-निर्यात व्यापार त्यांना तोंडपाठ. कुठल्या बाजूला सिमेंट जातं, कुठल्या बाजूने कोळसा येतो, टोमॅटो कुणाचे, औषधं कुणाची. जीपीकडे फ्लूच्या इंजेक्शनला रांगेत उभे असले तरी पुढच्या गोऱ्या आजीबाईंना तिथल्याच चमनच्या सीमानाक्याची हकिकत ऐकवणार. आजीबाई "ओह डिअर, हाऊ ऑफुल" म्हणतात, आणि काकांना वाटतं जनमत तयार होतंय.

आता ह्या वेडाचं मूळ सांगते. आमच्या रस्त्याच्या ह्या बाजूला बशीरभाईंचं किराणा दुकान. ते सियालकोटचे. समोरच्या बाजूला हमीदखानचं नानचं दुकान, सोबत सुकामेवा. तो कंदाहारचा. मध्ये झेब्रा क्रॉसिंग. काकांचा रोजचा संध्याकाळचा चहा बशीरभाईंच्या मागच्या खोलीत, ह्या दोघांबरोबर. मालेगावच्या हिंदीवर काका त्यांच्याशी असे बोलायचे, की जणू तिघं एका मोहल्ल्यात वाढलेत.

आणि मग तिकडे सीमा बंद झाली. हमीदखानचे अंजीर, मनुका सगळं ट्रकमध्ये अडकलं. तो बशीरभाईंच्या दुकानात येऊन रागाच्या भरात काहीबाही बोलला. बशीरभाई कसले ऐकून घेतायत! त्यांनीही हिशेब चुकता केला. दुसऱ्या दिवसापासून बशीरभाईंकडे फ्रोझन नान दिसायला लागले आणि हमीदखान दूध आणायला थेट सुपरमार्केटात. चहा बंद. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा कप उपाशी!

काकांनी त्या दिवसापासून झेब्रा क्रॉसिंगला तोरखम नाव दिलं आणि स्वतःला राजदूत नेमलं. बशीरभाई म्हणे पोट धरून हसले, "हिंदुस्तानवाला हमारी सुलह कराएगा?" पण काका कुठले हटतायत! त्यांनी आपल्या घरातली एक युक्ती बाहेर काढली. आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही. हा आपल्याकडचा नियम, पण पठाणाच्या घरीही तेच चालतं हे काकांना पक्कं ठाऊक होतं. काकांनी बशीरभाईंकडून गाजरहलवा विकत घेतला, स्टीलच्या डब्यात भरला, तोरखम ओलांडलं आणि हमीदखानला सांगितलं, "बशीरभाईने भेजा है." खोटं, चक्क खोटं! हमीदखानने त्यात दुकानात उरलेले अंजीर भरून दिले. काकांनी ते बशीरभाईंना नेऊन दिले, "हमीदखानने भेजा है." बशीरभाईंनी खजूर भरले. झाला सुरू व्यापार!

"करार झाला, वर्षा! सही नाही, शिक्का नाही, पण माल हलतोय!" काका माझ्या किचनमध्ये अक्षरशः नाचले.

"पण काका, त्यांना कळलं तर?"

"काय कळणार? पुरुषांना कधी डबे ओळखू येतात का?"

ह्यात एकच माणूस खूश नव्हता, तो म्हणजे निखिल. काकांचा मुलगा, केंब्रिजला संशोधन करतो. पोरगा गुणी आहे. बापाने एकटं राहू नये म्हणून त्याने तिकडे आपल्या घरामागच्या बागेत खोली बांधून घेतली. इथलं घर विकायचं आणि काकांना घेऊन जायचं, असं त्याच्या मनात. काकांनी "नाही" कधी म्हटलं नाही. फक्त एक अट घातली, "सीमा उघडली, ते दोघं एका टेबलावर बसून चहा प्यायले, की दुसऱ्या दिवशी निघतो. राजदूताला अर्ध्यावर जागा सोडता येत नाही."

मग निखिल माझ्या मागे लागला. "वर्षा आंटी, बाबा ऐकतच नाय. खोली रेडी आहे, माझा बायको पण रेडी आहे. तुम्ही त्या दोघांना एकदा हँडशेक करायला लावा ना, प्लीज. देन ही हॅज नो एक्सक्यूज."

मला त्याचं पटलं. गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून काका पाय मुरगाळून बसले, तेव्हा त्यांना उठवायला घरात कुणी नव्हतं. म्हटलं, आपणच मिटवू.

त्याच रविवारी दुपारी काका परत दारात. "थांबले गं ट्रक! परत थांबले!" सकाळी जेवढे उत्साहात होते, त्यापेक्षा आता चेहरा जास्तच खुललेला. मला जरा विचित्र वाटलं, पण "मीच बोलते दोघांशी" म्हणत मी कोट चढवला आणि तरातरा बशीरभाईंच्या दुकानात गेले. काउंटरवर कुणी नाही. मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज. पडदा बाजूला केला आणि बघतच राहिले.

बशीरभाई आणि हमीदखान. समोरासमोर, हातात चहाचे कप, आणि मध्ये गरम नान. तिसरा स्टूल रिकामा.

"अहो, तुमचं तर भांडण आहे ना?" माझा आवाज वरच्या पट्टीत.

दोघं शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखे उठून उभे राहिले. बशीरभाईंनी आधी पडदा ओढून घेतला. मग हमीदखान हळूच म्हणाला, "बाजी, वो पहला डब्बा आया ना, मैं उसी रोज़ यहाँ आ गया था. वो डब्बा मैं पहचानता हूँ. बेगमसाहिबा का है."

कशी विसरेन मी तो डबा! झाकणाला पोचा, त्यावर कोरलेलं नाव, सुलभा. दर दिवाळीला काकी त्यात शंकरपाळे भरून ह्या दोन्ही दुकानांत द्यायच्या. ह्या दोघांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण पोचा पाठ होता. हमीदखानने येऊन विचारलं होतं, "हलवा तुमने भेजा?" बशीरभाई म्हणाले, "नहीं." मग दोघं नुसते त्या डब्याकडे बघत बसले. भांडण तिथेच संपलं.

"मग सांगितलं का नाही काकांना?"

बशीरभाईंनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. "बेटी, बता देंगे तो डॉक्टरसाब केंब्रिज चले जाएँगे. फिर ये डब्बा कौन लाएगा?"

मी भांडायला गेले होते. निखिलची बाजू मांडायची, बर्फाची गोष्ट सांगायची, सगळं ठरवून गेले होते. पण मी सुरुवात करायच्या आत हमीदखानच म्हणाला, बर्फ पडला की मी सकाळी मीठ टाकायला जाईन डॉक्टरसाबच्या दारात, आणि बशीरभाई झोपण्याआधी फोन करतील. "आप फ़िक्र मत करो." मी नानचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि निघाले.

काका त्यांच्या किचनमध्ये सिंकपाशी डबा घासत होते. घासून झाल्यावर त्यांनी तो काकींच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसला, अगदी काठापर्यंत.

"काय म्हणाले दोघं?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"काही नाही, काका. तोंडही बघायला तयार नाहीत एकमेकांचं."

"अरेरे!" काका म्हणाले, आणि त्यांचे खांदे एकदम सैल झाले. खुर्चीत बसले. डबा मांडीवर घेतला.

"ती गेल्यावर हा डबा मी फळीवर ठेवून दिला होता, वर्षा. येता-जाता उघडून बघायचो. वेडेपणाच, दुसरं काय! काय असणार त्यात? आणि आता बघ, रोज काहीतरी असतं." टेबलावरच्या बशीत काढून ठेवलेले खजूर त्यांनी माझ्यापुढे सरकवले. "केंब्रिजला नेला तर परत फळीवरच बसेल गं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. निखिल. मी स्पीकरवर घेतला.

"आंटी, गेला होता का तुम्ही? काय झालं? बॉर्डर उघडला?"

काका श्वास रोखून माझ्याकडे बघत होते.

"नाही रे, निखिल," मी म्हटलं. "परिस्थिती नाजूक आहे."

काकांनी भुवया उंचावून खुणावलं, पुढचं, पुढचं.

"पण आशादायक," मी म्हटलं, आणि काकांनी डब्याचं झाकण टक्कन लावलं.