उत्तेजित अणुकेंद्राने समितीची वाट न पाहिल्याबाबत

उत्साह कोणाचाच टिकत नाही. प्रश्न फक्त किती वेळ टिकत नाही, एवढाच असतो.

आमच्या संस्थेत नेमके हेच मोजतात. काही जड अणूंची केंद्रे कोणी हातही न लावता आपोआप फुटतात. (कोणाच्या आदेशाने, अशी विचारणा प्रशासनाने केली आहे. उत्तर अप्राप्त.) फुटलेले तुकडे भलतेच चेकाळलेले असतात आणि सेकंदाच्या अब्जांश भागात गॅमा किरण सोडून गप्प बसतात. हा चेकाळण्याचा काळ आमच्या संशोधक ताई मोजतात. केंद्र फुटले की घड्याळ चालू, किरण आला की बंद.

परवा ताईंनी आजवर कोणालाच न साधलेला असा एक काळ मोजला आणि त्या प्रयोगशाळेत चक्क नाचल्या. (पूर्वपरवानगी नव्हती.) पण आमचा नियम फार सुंदर आहे. समितीने डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मोजमाप मान्य नाही, आणि ते मान्य नसेल तर ताईंची नेमणूकही संपली.

समिती आली. खुर्च्या लागल्या, मी मागील इतिवृत्त वाचले, अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"हं, दाखवा आता."

"सर, तो अणू केव्हाच शांत झाला."

"मग थांबवायचं ना त्याला! आम्ही काय रिकामटेकडे आहोत?"

"सर, तो डोळ्यांना दिसत नाही. यंत्राला कळतो."

"यंत्र समितीवर आहे का?"

अणू बेशिस्त असून ताईंनी त्याला समज द्यावी, असे एकमताने ठरले.

पुढच्या सभेत ताई उभ्या राहिल्या. "समितीचा परदेश दौरा मंजूर झालाय!" आणि त्यांनी घड्याळ चालू केले. काय तो जल्लोष! एक ज्येष्ठ सदस्य टेबलावर चढले. अध्यक्षांनी माझा मुका घेतला. (इतिवृत्तात 'अभिनंदन' अशी नोंद आहे.)

"अहवाल मात्र ज्याचा त्याने लिहायचाय," ताई म्हणाल्या. सगळे मुकाट खाली बसले. घड्याळ बंद.

समितीने हे डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे मोजमाप जागच्या जागी मान्य झाले. ताईंची नेमणूक कायम झाली, ती समित्यांचा उत्साह मोजण्यासाठी. अणूंचा विभाग बंद केला. ताई आपल्या यंत्राला कवटाळून ढसाढसा रडल्या. मलाही फार वाईट वाटले, अगदी जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

तुम्हालाही चीड आली असेल. ताईंसाठी काहीतरी केलेच पाहिजे, असेही वाटले असेल. उत्तम! तसेच बसा, हलू नका. ताई घड्याळ घेऊन तुमच्यासमोरच बसल्या आहेत.

झालं. बंद केलं त्यांनी.